नवरदेवाच्या खोलीतला दिवा

९ ऑक्टोबर

लेकीने ही वही पाठवली. फोनवर म्हणाली, "बाबा, बोलायला कुणी नाही तर लिहीत जा. रोज चार ओळी." मी म्हटलं, मी काय शाळेतलं पोर आहे? तर म्हणते, "शाळेतलं पोर असता तर ऐकलं असतंत." तोंडाने आईवर गेली आहे.

आधी घरी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून पाहिलं. दोन ओळी झाल्या नि उठलो. नळ ठिबकतो ते ऐकू येतं. ही घरात असताना कधी ऐकू आलं नव्हतं. नळ तेव्हाही ठिबकत असणारच, पण हिच्या शिवणयंत्राची घरघर असायची ना. घर खायला उठतं म्हणतात, ते हे. मग वही काखोटीला मारली आणि तबेल्यात आलो. आता नवरदेवाच्या खोलीत स्टूल टाकून बसलोय. खोली घोड्याची खरी, पण आमच्या बैठकीपेक्षा ऐसपैस. वरच्या तुळईला बल्ब होता, पण तो मिणमिणता, माझ्या डोळ्यांना पुरेना. म्हणून बाजारातून मोठा आणला आणि वायर ओढून खाली घेतली. लख्ख झालं. नवरदेव आधी बिचकला, मग येऊन वहीचा कोपरा चाखून गेला. चव काही आवडली नसावी.

लेक म्हणते, अनोळखी माणसाला सांगतोय असं समजून लिहा, डोकं साफ होतं. बरं. तर बाबा अनोळखी माणसा, ऐक. मी या घोड्यांच्या फार्मवर नराच्या बाजूचा मुख्य. सगळे वस्ताद म्हणतात. नराची बाजू म्हणजे एके काळी चार घोडे होते, आता एकटा नवरदेव उरलाय. घोडींची बाजू मावशीकडे. ती कुणाचीच मावशी नाही, पण तिला दुसरं काही म्हणायची कुणाची छाती नाही. नवरदेव जन्मला त्याच दिवशी त्याची आई गेली. मी त्याला उचलून घरी आणलं नि हिने स्वयंपाकघरात चुलीजवळ ठेवून बाटलीने दूध पाजलं. दूध पाजेपर्यंत रुसून भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा. त्यावरून हिनेच नाव ठेवलं, "आला बघा नवरदेव रुसून."

ही सध्या लेकीकडे आहे, नातू झाला म्हणून. बाळाने जरा बाळसं धरलं की येईल. निघताना दारात उभी राहून काहीतरी सांगत होती, पण नेमका तेव्हाच नाल ठोकणारा आला होता आणि नवरदेव त्याला लाथ घालायच्या बेतात. मी अर्धंमुर्धं ऐकलं, हो हो म्हटलं नि पळालो.

चार ओळी म्हणता म्हणता पान भरलं की.


२१ ऑक्टोबर

मालक आले होते. गेल्या हंगामात बऱ्याच घोडी रिकाम्या राहिल्या, ते अजून त्यांच्या डोक्यातून जात नाही. माझ्याकडे न बघता, घोड्याकडे बघत म्हणाले, "वस्ताद, यंदाचा वसंत शेवटचा. घोडी गाभण राहिल्या तर राहिल्या. नाहीतर याला खच्ची करायचं आणि एखाद्या रपेटीच्या शाळेत देऊन टाकायचं. मी दुसरा नर बघतो."

मी म्हटलं, "मालक, गेल्या साली घोडीच म्हाताऱ्या होत्या."

"बघू," म्हणाले. त्यांचं 'बघू' म्हणजे बघून झालेलं असतं.

ते गेल्यावर नवरदेवाला खरारा केला. उगीचच, सकाळी झालेला असून. खच्ची करून शाळेत! पाठीवर पोरं बसवून गोल गोल फिरणार हा! माझ्या जिवात जीव आहे तोवर नाही होऊ देणार.


६ नोव्हेंबर

हिचा फोन. बाळाला सर्दी आहे. थंडीचा कोट पाठवा म्हणाली, आणि शिवणयंत्र. कोट देतो उद्याच्या गाडीने. यंत्र कशाला? येणारच आहे, तर एवढं धूड न्यायचं नि परत आणायचं? मी म्हटलं, "पाहतो." ती म्हणाली, "पाहा."

हल्ली सहालाच काळोख पडतो. जेवण उरकून इथे येतो तो झोपायची वेळ होईस्तोवर. लिहून झालं की पेपर वाचतो, नवरदेवालाही दोन बातम्या वाचून दाखवतो. घरी मी दिवा लावून पेपर वाचत पडलो की ही चादर डोक्यावरून ओढून घेऊन म्हणायची, "बंद करा हो तो दिवा." जन्मभर एकच पालुपद. मला अंधारात पडवत नाही, लहानपणापासूनचं आहे ते, आता काय करणार? नवरदेव बिचारा कधी तक्रार करत नाही. उभा राहून बघत असतो माझ्याकडे, कान टवकारून.


३ डिसेंबर

नवल झालं! खराऱ्याला मूठ मूठ केस येतायत. हिवाळी केस गळतायत त्याचे, ऐन थंडीत! खालून कशी चकाकती कातडी निघालीय, आरशासारखी. बाकी सगळ्या घोडी अस्वलासारख्या झुपकेदार आणि हा आपला नटून उभा. मावशी कुंपणापलीकडून म्हणाली, "वस्ताद, काय चारताय काय त्याला?"

मी म्हटलं, "हात लागतो, हात! चारून होत नाही हे."

"हो का? मग जरा स्वतःच्या डोक्यावरून पण फिरवा तो हात." माझं टक्कल काढते. पण जळली, हे नक्की.


१२ डिसेंबर

आज घोडींच्या तबेल्यात दिवे बसवले. लांबच्या लांब नळ्या, एका ओळीत. दर वर्षीचंच आहे. डॉक्टरबाई स्वतः उभ्या होत्या. पोरगी माझ्या लेकीच्या वयाची, मला काका म्हणते, पण घोड्याच्या पोटात हात घातला की भल्याभल्यांनी बघत राहावं. या खेपेला दोनच घटका टेकली, चहा घेतला, तेव्हा मी विचारलं, एवढ्या दिव्यांनी खरंच होतं का काही?

म्हणाली, "काका, घोड्याला कॅलेंडर नसतं. डोळ्यांत उजेड किती वेळ जातो, त्यावरून त्याचं शरीर महिना ओळखतं. दिवस लहान झाला की मेंदू हार्मोन आवरतो. घोडी माजावर येत नाहीत, नराचाही जोर उतरतो. दिवस वाढला की पुन्हा चढतो. आपण संध्याकाळी दिवे लावून घोडींना फसवतो, की वसंत आला."

मी म्हटलं, "मग नराला का नाही फसवत?"

"त्याला लवकर फसवलं ना, तर तो लवकर चढतो आणि लवकर उतरतो. शरीर म्हणतं, झाला बाबा उन्हाळा, आता पुरे. आणि मग घोडी तयार होतात तेव्हा हा थंड. नराला हिवाळ्यात अंधारच लागतो. ती त्याची विश्रांती. तुमच्या बाजूला नाहीत ना दिवे?"

"छे!" मी म्हटलं. "आमच्याकडे एक नळी नाही. या बघायला हवं तर."

तिला घाई होती. पुढच्या वेळी, म्हणाली.

शिकलेल्या लोकांचं मला कौतुक वाटतं. महिना डोळ्यांतून कळतो म्हणे! आत्ता हे लिहिताना नवरदेव मान खाली घालून बल्बच्या उजेडात उभा आहे, डोळे मोठे मोठे दिसतायत. त्याच्या डोळ्यांत बल्ब दिसतो, आणि बल्बखाली मी.


५ जानेवारी

काय सांगू! आज नवरदेवाने दाराची फळी तोडली. वाऱ्यावरून घोडींचा वास आला असेल नसेल, वरचा ओठ उलटा वळवून असा खिंकाळला की पत्रे वाजले. मला दंडाला चावला. सदरा फाटला, काळंनिळं झालंय. पण खरं सांगतो, मला आनंदच झाला. जवानी आहे ही, जवानी! कुठे गेली गेल्या सालची मरगळ? मालकांना दाखवला. ते पाहतच राहिले. "वस्ताद, मानलं," म्हणाले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

हिला फोन करून सांगितलं. "चावला? फार लागलं?" एवढंच विचारलं. मग म्हणाली, "यंत्राचं काय झालं?"

म्हटलं, "गाडीवाल्याला वेळ नाही." गाडीवाला रोज सकाळी आमच्या दारावरून जातो. पण ही खोटं बोलण्याची वेळ हिनेच आणली. यंत्र एकदा गेलं की घरात टेबलाजवळ ती जागा रिकामी दिसेल, ते मला नको आहे.


३० जानेवारी

मावशीशी भांडण. ती सहज म्हणाली, "नातू बसायला लागला असेल नाही? वहिनी कधी येणार?"

मी म्हटलं, "येईल. थंडी सरली की."

"असं त्या म्हणाल्या?"

"म्हणायला कशाला हवं?"

तर बाई माझ्याकडे अशी बघते, जसं काही मी लंगडा घोडा आहे नि मला ठाऊक नाही. म्हणाली, "वस्ताद, एकदा जाऊन या लेकीकडे." मी म्हटलं, मावशी, तुम्ही तुमच्या घोडी सांभाळा. गेली तणतणत. नवरदेवाला सोडून जाऊ होय? आत्ता? हंगाम तोंडावर असताना?


२२ फेब्रुवारी

पहिली घोडी लावली. फत्ते. दुसरी परवा. नवरदेव नावाप्रमाणे वागला, दाराशी नेताच पुढे. सगळीकडे त्याचीच चर्चा. बाहेरचे लोकही आपल्या घोडींसाठी विचारून गेले, एप्रिलची बोलणी झाली. आज छाती फुगलीय माझी. घरी जाऊन कुणाला सांगावं तर नळ.


१९ मार्च

आज जरा वेळ लागला. घोडी चांगली होती, माजावर होती, मावशीने स्वतः पारखून आणली होती. नवरदेवाने वास घेतला आणि आजूबाजूला बघत राहिला. तीनदा मागे नेला, तीनदा पुढे आणला. शेवटी झालं कसंबसं. गार वारा होता, त्यामुळे असेल.


३१ मार्च

वाऱ्याचं नाही. आज ऊन होतं, तरी तेच. गवत बदललं म्हणून असेल काय? जुन्या गंजीतलं आणायला सांगितलं. पाणीही तपासून घेतलं. मावशीला म्हटलं, तुमच्या घोडीच नाठाळ. ती नेहमीसारखी उलटून बोलली नाही, तेच मला खटकलं.


११ एप्रिल

नाही झालं. आज अजिबात नाही. बाहेरची घोडी, तिचा मालक समोर उभा, आमचे मालक उभे, आणि नवरदेव मान खाली घालून वाळूला तोंड लावतोय. कुणीतरी हसलं. मला वाटलं धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. त्याला परत नेला, त्याचं पाऊल मात्र शांत. खोलीत गेल्यावर कोपऱ्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, लहानपणी राहायचा तसा.

उदास झालाय. एकटा पडलाय तो. मी आणखी मोठा बल्ब आणला, आणि रेडिओ. आता संध्याकाळी जास्त वेळ बसणार त्याच्याजवळ. माणूस काय, जनावर काय, जवळ कुणीतरी लागतंच.


२ मे

डॉक्टरबाई तपासून गेल्या. रक्त नेलं, बीजही नेलं. निकाल आज फोनवर कळला. हार्मोन अगदी खाली. "काका, डिसेंबरात असायला हवं तेवढं आहे मेमध्ये," म्हणाली. "आजार काही दिसत नाही. मला कळत नाहीये." तिला कळत नाही म्हणजे मला काय कळणार, कपाळ.

लेकीचा फोन येऊन गेला. "बाबा, आई इथेच राहील म्हणते." मी म्हटलं, दात येत असतील बाळाला, राहू दे की. ती म्हणाली, "बाबा, दातांचं नाही हो." मग मागे बाळ रडलं, तिने फोन ठेवला.


१५ मे

मालकांनी मला खोलीत बोलावलं, बसायला सांगितलं. तेव्हाच ओळखलं. उरलेल्या घोडी दुसरीकडच्या नराकडे पाठवणार. नवरदेवाला महिनाअखेरीस खच्ची करायचं, जखम भरली की शाळेवाले न्यायला येतील. "तुमचा दोष नाही वस्ताद," असंही म्हणाले.

खरारा करायला गेलो तर आणखी एक. केस येतायत त्याला. जाड, मऊ, ऑक्टोबरात येतात तसे. घोडी सगळ्या तुळतुळीत झाल्या, उन्हाने माझ्या मानेची साल निघते आणि हा थंडीची तयारी करतोय. काहीतरी आतून बिघडलंय. मी गळ्यात हात टाकून उभा राहिलो. तो हलला नाही. मग मी रडलो. लिहायला काय लाजायचं, वाचतंय कोण?


२६ मे

आज मीच हिला फोन केला. वाटलं, हिने बाटलीने वाढवलाय, हिला सांगायला हवं. सगळं सांगितलं, खच्ची करणार ते, शाळेचं, केसांचं. ती रडली असावी, नाक ओढल्याचं ऐकू आलं. मग विचारलं, "झोपतो का नीट?"

हा प्रश्न ना मालकांनी विचारला, ना कुणी. मी म्हटलं, "काय माहीत. मी असतो तेव्हा जागाच असतो. बघत असतो माझ्याकडे."

"तुम्ही कधी असता?"

"रोज संध्याकाळी. जेवल्यावर येतो ते झोपेपर्यंत. घरी करमत नाही."

"अंधारात बसता?"

"अंधारात कशाला? मोठा बल्ब लावलाय की. लिहितो, वाचतो. तू गेल्यापासून एक दिवस खाडा नाही."

मग ती म्हणाली, "अहो, जन्मभर तुमच्या दिव्याखाली मला झोप लागली नाही. त्याला कशी लागेल?"

मी हसायला गेलो. हसू आलं नाही. डॉक्टरबाईचा चहाचा कप डोळ्यांपुढे आला. दिवस वाढला की चढतो. लवकर फसवला तर लवकर उतरतो. तुमच्या बाजूला नाहीत ना दिवे? आणि मी म्हटलं होतं, छे, एक नळी नाही. मला दिवे म्हणजे ती घोडींकडची ओळच वाटली. हा तर माझा बल्ब! लिहायचा! देवा रे. डिसेंबरात केस गळले. जानेवारीत फळी तोडली. मी नाचत होतो तेव्हा. आणि तो उतरायला लागला तेव्हा मी आणखी मोठा बल्ब आणला.

"ऐकताय ना?" ही विचारत होती. मी हो म्हटलं. ती म्हणाली, "मी परत यायची नाही. हे दारात सांगितलं होतं तुम्हाला, निघताना. तुम्ही हो हो म्हणालात. मला वाटलं, कळलं. मग सगळा हिवाळा तुम्ही यंत्र पाठवायचं टाळत राहिलात, तेव्हा समजले की ऐकलंच नव्हतंत."

मी म्हटलं, "नाल ठोकणारा आला होता."

"हो," म्हणाली. "कुणीतरी आलेलंच असायचं."

ती रागावून बोलली असती तर बरं झालं असतं. नाही रागावली.

हे उभ्यानेच लिहितोय, खोलीच्या दाराबाहेर, मावळतीच्या उजेडात. आत बल्ब लावलेला नाही. उद्या सकाळी उठून मालकांकडे.


२७ मे

सांगितलं. मालकांना आधी खरंच वाटेना. "वस्ताद, घोडा वाचवायला स्वतःच्या गळ्यात धोंड बांधून घेताय," म्हणाले. मग डॉक्टरबाईला बोलावलं. ती थेट खोलीत गेली. बल्बकडे पाहिलं, स्टुलाकडे पाहिलं, रेडिओकडे. नवरदेवाच्या पाठीवर हात फिरवून केस वर-खाली केले.

"कधीपासून लावताय हा?"

"ऑक्टोबर."

ती तिथे पेंढ्यावरच बसली. म्हणाली, "डिसेंबरात मी तुमच्या बाजूला यायला हवं होतं, काका. दोन मिनिटांचं काम होतं." तिच्या डोळ्यांत पाणी. उलट मलाच वाटलं तिच्या डोक्यावरून हात फिरवावा. धीर झाला नाही.

बाहेर येऊन तिने मालकांना समजावलं. एक पूर्ण हिवाळा उघड्या आभाळाखालच्या दिवसाइतकाच उजेड मिळाला, बाकी अंधार, तर पुढच्या वसंतात बहुधा ताळ्यावर येईल. बहुधा. खात्री देत नाही म्हणाली.

मालक फाटकावर हात टेकून ऐकत होते. मग म्हणाले, "ठीक. पुढच्या वसंतापर्यंत सुरी नाही. त्याला टेकडीमागच्या जुन्या तबेल्यात ठेवायचा, तिथे वीजच नाही. मावशी बघेल." आणि मग माझ्याकडे वळून, "वस्ताद, तुम्हाला काढत नाही. घोडींकडे काम करा. पण त्या टेकडीपलीकडे पाऊल टाकायचं नाही. खराऱ्यालासुद्धा नाही. तुमच्याने राहवणार नाही, मी ओळखतो तुम्हाला."

मी हो म्हटलं. या वेळी पूर्ण ऐकून.


२९ मे

नेला त्याला. लगाम मीच धरणार होतो फाटकापर्यंत, पण मावशीने हात पुढे केला नि मी दिला. कोपऱ्यावर त्याने मागे वळून पाहिलं आणि एकदा खिंकाळला. मावशी म्हणाली, "चल रे, चल. येतील म्हातारे पुढच्या वर्षी." चांगल्या मनाने म्हणाली.


१४ जून

घोडींचं काम बरं आहे. मावशी मला राबवून घेते. शेण-लीद काढायची, पाणी भरायचं. नवरदेवाबद्दल मी विचारत नाही, तीच सांगते. खातो. आडवा पडून झोपतो म्हणाली, चक्क चारी पाय पसरून, घोरतो. मी त्याला आडवा झोपलेला पाहिला होता तो शिंगरू असताना, आमच्या स्वयंपाकघरात. त्यानंतर आठवत नाही.

मान खाली घालून लीद ओढत राहिलो.


२१ जून

आज रविवार. सकाळी शिवणयंत्र पुसलं. तेल घातलं, सुई काढून कागदात गुंडाळून खणात ठेवली, चाक फिरवून पाहिलं. अजून तशीच घरघर. मग जुन्या घोंगडीत बांधून गाडीवाल्याच्या स्वाधीन केलं. तो म्हणाला, "एवढ्या दिवसांत सांगायचं की वस्ताद, रोज तर जातो मी इथून." म्हटलं, राहून गेलं.

फोनवर हिला सांगितलं, निघालं यंत्र. "बरं झालं," म्हणाली. मग आपणहून विचारलं, तो कसा आहे. मी म्हटलं, झोपतो. परत कधी येणार, हे विचारलं नाही. तिने बाळाचा हुंकार ऐकवला. मी पण हुंकार दिला.

वर्षातला सगळ्यात मोठा दिवस म्हणे आज. डॉक्टरबाई सांगत होती, इथून पुढे दिवस लहान होत जातात, नवरदेवाला आता तेच औषध. मी टेबलाशी बसून लिहितोय, खिडकीतून येईल तेवढ्या उजेडावर. यंत्राची जागा रिकामी आहे, फरशीवर त्याच्या पायांचे चार डाग. नळ ठिबकतोय. अक्षरं आता नीट दिसत नाहीत, पण बटणापर्यंत हात नेलेला नाही. इतकं अंधारात बसायची सवय नाही मला, छातीत धडधडतं लहानपणीसारखं. टेकडीपलीकडे आता पुरता काळोख झाला असेल. झोप बाबा.